तांबेकरवाडा ते अंकलेश्वर : एका निळ्या रंगाचा माग

बडोद्यात दोन-तीन पिढ्या काढूनही तांबेकरवाड्याच्या आत पाऊल न टाकलेली मराठी कुटुंबं मला बरीच माहीत आहेत. पाहुणे आले की आपण त्यांना लक्ष्मी विलास दाखवतो, कमाटीबागेत नेतो, सुरसागरला चक्कर मारतो आणि शेव-उसळ खायला घालून गाडीत बसवतो. रावपुऱ्याच्या गर्दीतून आत वळून एक जुना विटा-लाकडाचा वाडा बघायचा, हे यादीत शेवटी येतं आणि तिथेच राहून जातं.

वाडा बाहेरून फार काही सांगत नाही. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचं हे घर. आता ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे. अरुंद लाकडी जिन्याने वर गेलात की मग डोळे विस्फारतात. भिंती, दारांच्या फळ्या, छत, जिथे जागा मिळाली तिथे चित्रं. सुमारे ३०० आहेत म्हणतात. कृष्णलीला आहे, महाभारत आहे, गणपती आहे, मराठे आणि इंग्रजांची लढाई आहे आणि घोळदार झगे घातलेल्या मडमाही आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या एका मराठी कारभाऱ्याच्या डोक्यात देव, लढाया आणि साहेबाच्या बायका किती गुण्यागोविंदाने नांदत होत्या, ते बघायचं तर ही खोली बघावी.

मी मात्र चित्रं बघायला गेलो नव्हतो. मला निळा रंग बघायचा होता. त्याचं कारण पुढे सांगतो. आधी त्या निळ्याबद्दल.

कृष्णाच्या अंगावरचा निळा पाहून तुम्ही सहज म्हणाल, ‘नीळ असणार’. असेलही. पण ही चित्रं झाली तोपर्यंत हिंदुस्थानातल्या चितार्‍यासमोर निदान चार निळे होते. एक, झाडापासून काढलेली नीळ. दोन, लाजवर्दी दगडाचा निळा. हा दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतून यायचा. आपल्या अजिंठ्याच्या चित्रांत पाचव्या शतकात तो सापडतो, म्हणजे त्याचा प्रवास किती जुना ते बघा. तीन, प्रशियन ब्लू. हा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये लाल रंग करायला गेलेल्या माणसाच्या हातून चुकून तयार झाला. आणि चार, कारखान्यात केलेला लाजवर्दी. खरा दगड सोन्याच्या भावाने विकला जायचा, म्हणून फ्रान्समधल्या उद्योग प्रोत्साहन संस्थेने १८२४ मध्ये स्वस्त पर्याय शोधणाऱ्याला ६००० फ्रँकचं बक्षीस लावलं. ते १८२८ मध्ये गिमे नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत तापवून त्याने तो निळा काढला होता.

गंमत अशी की हा चौथा निळा दुसऱ्याची नक्कल नाहीच. द्रव्य तेच. फक्त दगडातल्या निळ्यात खडबडीत, लहानमोठे दाणे आणि इतर खनिजांचे कण असतात, कारखान्यातला एकसारखा बारीक असतो. तो पुढे इतका स्वस्त झाला की लोकांनी तो धोतरं धुवायला वापरला. आजीच्या काळी पांढऱ्या कपड्यांना द्यायची पुडीतली ‘नीळ’ म्हणजे हाच भट्टीतला लाजवर्दी! झाडाच्या निळीशी तिचा संबंध फक्त नावापुरता. हल्लीची थेंब टाकायची पातळ नीळ तर आणखी तिसऱ्याच कृत्रिम रंगाची. नाव एक, वस्तू तीन. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, इंटरफेस तोच ठेवून आतलं सगळं इम्प्लिमेंटेशन बदललेलं, आणि वापरणाऱ्याला कोणी कळवलेलंच नाही.

तांबेकरवाड्याच्या भिंतीवर यांतला कुठला आहे, ते नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. त्याला एक्स-रे किंवा लेझरची यंत्रं लागतात. हे मला तिथे उभं राहून नीट कळलं, आणि मला तेवढंच हवं होतं.

आता कारण. आमच्या काकांकडे, कारेलीबागेतल्या फ्लॅटमध्ये, आमच्या घराण्याचा देव्हारा आहे. वाड्यातला आमचा भाग कधीच विकला गेला. देव्हारा तेवढा उरला. त्याला दोन फुटी कवाडं आहेत, प्रत्येकावर एकेक मोर, गळा निळा, पिसारा हिरवा, भोवती लाल पट्टी आणि तिच्यात शेंदरी बुट्ट्या. कोणी काढले, कधी काढले, कुणालाच ठाऊक नाही. रंग पोपडे धरून सुटायला लागले होते. यंदा काकांच्या मुलीचं लग्न ठरलं, देवकार्य घरीच करायचं ठरलं, आणि काकांनी रंगाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, “पॉलिशपेपर मारू, प्रायमर देऊ, वर एनॅमलचे दोन हात. मोर पाहिजे तर स्टिकर मिळतात. एका दिवसात नवं.”

मी हरकत घेतली तेव्हा काका म्हणाले, “अरे, देवाचं दार आहे ते, म्युझियम नाही.”

हे वाक्य मला सहज खोडता आलं नाही, अजूनही येत नाही. मारुतीला आपण दर वर्षी शेंदूर चढवतोच की. खालचा थर कोणत्या शतकातला आहे, असं विचारत बसत नाही. देवळाला दर काही वर्षांनी रंग द्यायचा, ही निगा मानली जाते. पूजेतली वस्तू जुनाट दिसू देणं हे काकांच्या पिढीला आळशीपणाचं लक्षण वाटतं आणि त्यात चूक काही नाही. पण मला वाटतं, मारुतीवरचा शेंदूर ही सेवा आहे, तो चढवण्यासाठीच असतो. कवाडावरचा मोर कुणाच्या तरी हातचा आहे. एक पुन्हा करता येतं, दुसरं नाही. हे मी काकांना म्हटलं. ते म्हणाले, “बघू.” आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही.

शेवटी काम थांबलं ते वेगळ्या कारणाने, आणि ते कारण घरात जुनी रंगीत वस्तू असलेल्या प्रत्येकाने ऐकावं असं आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांनी तर जरूर.

आपल्या भाषेत जुन्या रंगांची नावं किती सुंदर आहेत! हिंगूळ, हरताळ, शेंदूर, सफेदा, जंगाल. आता त्यांच्या आत काय आहे ते बघा. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. जुना सफेदाही शिशाचाच. जंगाल तांब्याचा गंज. आणि १८१४ पासून युरोपात बनून जगभर गेलेला एक फार देखणा, पाचूसारखा हिरवा होता, तो तांबं आणि आर्सेनिक मिळून झालेला. पुढे तो किडे मारायला वापरत. आमच्या मोराच्या पिसाऱ्यात तो असेल किंवा नसेल. पण जोपर्यंत माहीत नाही तोपर्यंत त्यावर कोरडा पॉलिशपेपर मारून घरभर धूळ उडवायची नाही, एवढं नक्की. शिशाची धूळ सगळ्यात वाईट लहान मुलांना. माझी सहा वर्षांची मुलगी त्याच खोलीत जमिनीवर बसून चित्रं काढते.

हे ऐकल्यावर काकूंनी रंगाऱ्याला स्वतःच फोन करून ‘येऊ नका’ सांगितलं. त्या बिचाऱ्याचा दोष काही नव्हता. त्याच्या डब्यातला रंग खालच्या रंगापेक्षा निर्धोक असण्याचीच शक्यता जास्त. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला.

हरताळावरून एक अवांतर. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. पोथी लिहिताना अक्षर चुकलं की लेखक त्यावर हरताळाचा पिवळा लेप देऊन ते झाकत आणि वर पुन्हा लिहीत. जुन्या काळचं व्हाइटनर. संपाचा हरताळ वेगळा, तो हाट आणि टाळं यांच्यातून आलेला, आपल्या गुजराती शेजाऱ्यांचा हडताळ. आर्सेनिकने झाकलेली चूक आणि बंद पडलेला बाजार एकाच शब्दात येऊन बसलेत.

असो. पॉलिशपेपर टळला, पण प्रश्न उरला. गळ्यातला निळा जिथे उडाला आहे तिथे काय भरायचं? म्हणून मी बाजारात रंग शोधायला निघालो. फाइन आर्ट्स फॅकल्टीच्या विद्यार्थ्यांची उठबस असलेलं एक दुकान आहे, तिथे गेलो. ही फॅकल्टी १९५० ची, आणि तिथल्या चित्रकला विभागाचे पहिले प्रमुख ना. श्री. बेंद्रे, इंदूरचे. म्हणजे एका मराठी केंद्रातला माणूस दुसऱ्या मराठी केंद्रात येऊन पिढ्या घडवून गेला.

दुकानदाराला मी म्हटलं, लाजवर्दी हवा आणि हिंगूळ हवा. त्याने एक ट्यूब हातात दिली आणि पाठ दाखवली. म्हणाला, “नाम नहीं, नंबर जुओ.”

ट्यूबच्या पाठीवर अगदी बारीक अक्षरात एक खूण असते. पीबी २९, पीआर १०८, पीडब्ल्यू ६ अशी. पहिलं अक्षर पिगमेंटचं, दुसरं रंगाचं, पुढे क्रमांक. ब्रिटनमधल्या सोसायटी ऑफ डायर्स अँड कलरिस्ट्सने १९२५ मध्ये ही जंत्री छापायला सुरुवात केली. पुढच्या बाजूचं नाव कंपनी वाटेल ते ठेवू शकते, क्रमांक मात्र द्रव्याचा. पीबी २९ म्हणजे भट्टीतला लाजवर्दी. पीबी २७ म्हणजे प्रशियन ब्लू. पीआर १०६ म्हणजे खरा हिंगूळ, पण ‘व्हर्मिलियन’ नावाच्या आजच्या बहुतेक ट्यूबवर तो आकडा सापडणार नाही. तिथे दुसरेच असतात. प्रामाणिक कंपनी नावापुढे ‘ह्यू’ लावते. म्हणजे छटा जुळवली आहे, द्रव्य ते नाही. आपण सगळे शाळेत ज्या उंटाच्या चित्राच्या रंगपेटीवर वाढलो (दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत सुरू केलेली कंपनी), त्यातला व्हर्मिलियन पाऱ्याचा नव्हता आणि देवाचे आभार की नव्हता. ब्रश तोंडात घालून टोक काढायची सवय कोणाला नव्हती?

काही पर्याय मूळ रंगापेक्षा सरस आहेत. हिंगूळ उजेडात काळवंडतो. त्याच्या जागी आलेला पीआर २५४ नावाचा लाल वर्षानुवर्षं टिकतो, मोटारींच्या रंगातही तोच वापरतात. शिशाच्या सफेद्याच्या जागी १९२० च्या आसपास टायटॅनियमचा पांढरा आला. तो बिनविषारी आणि झाकण्याच्या ताकदीत कितीतरी पुढे. काही पर्याय नुसते जवळपास जातात. ‘इंडियन यलो’ हे त्याचं नामांकित उदाहरण. बिहारमध्ये मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावात गाईंना नुसती आंब्याची पानं खायला घालून त्यांच्या मूत्रापासून हा पिवळा करत, असं त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी १८८३ मध्ये लिहून ठेवलं. मधल्या काळात या गोष्टीवर शंका घेतल्या गेल्या, पण मुखर्जींनी पाठवलेले नमुने लंडनच्या क्यू उद्यानाच्या संग्रहात होते. २०१९ मध्ये त्यांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि मुखर्जींचं म्हणणं पटण्यासारखं ठरलं. तो रंग आता कुठेच बनत नाही. ट्यूबवर नाव आहे, आत दोन-तीन कृत्रिम पिवळे मिसळलेले. गाईंच्या दृष्टीने बरंच झालं म्हणायचं.

त्याच दिवशी मी लक्ष्मी विलासच्या आवारातल्या महाराजा फतेहसिंह संग्रहालयात गेलो. ही इमारत मूळची राजपुत्रांची शाळा. तिथे राजा रविवर्म्यांची तैलचित्रं आहेत. सयाजीराव महाराजांनी १८८८ मध्ये त्यांच्याकडे पौराणिक विषयांवरच्या १४ चित्रांचं काम सोपवलं होतं. तांबेकरवाड्यातून निघून तासाभरात इथे आलात तर एक गोष्ट जाणवते. वाड्यातला चितारी रंग घोटत होता, त्याचा रंग त्याच्या हातचा होता. रविवर्म्यांच्या काळापर्यंत तैलरंग पिळायच्या ट्यूबमधून यायला लागले होते. ही ट्यूब १८४१ मध्ये एका अमेरिकन चित्रकाराने शोधली. चित्रकाराची केवढी सोय झाली. पण आत काय आहे ते आता दुसऱ्याच्या शब्दावर आलं.

आणि तो शब्द कसा फसवतो याची एक गोष्ट मला फार आवडते. जर्मनीत बेल्ट्राकी नावाचा एक अट्टल बनावट चित्रं काढणारा होता. २००६ मध्ये त्याचं एक चित्र १९१४ च्या सुमाराचं म्हणून २८ लाख युरोंहून जास्त किमतीला विकलं गेलं. तपासणीत त्यात टायटॅनियमचा पांढरा सापडला. तो १९१४ मध्ये चित्रकारांच्या हाती आलेलाच नव्हता! बेल्ट्राकीने जस्ताच्या पांढऱ्याची ट्यूब घेतली होती, पण कारखानदाराने त्यात थोडा टायटॅनियम मिसळला होता आणि ट्यूबवर लिहिला नव्हता. २०११ मध्ये त्याला शिक्षा झाली. न लिहिलेली डिपेंडन्सी माणसाला कशी गोत्यात आणते, हे मी आमच्या टीममधल्या नव्या पोरांना याच गोष्टीने सांगतो.

दुकानातून मी तीन निळ्या ट्यूब आणल्या. तिसरी होती पीबी १५, थॅलो ब्लू. तिचं गाव मला आधीपासून ठाऊक होतं, कारण ते आपल्यापासून ८०-९० किलोमीटरवर आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे अंकलेश्वरच्या एका पिगमेंट कारखान्याच्या बॅच-नोंदींचं काम होतं. भरूच ओलांडलं, नर्मदेवरचा जुना गोल्डन ब्रिज बाजूला दिसला की पुढे वसाहत सुरू होते. थॅलो ब्लू युरोपात १९३५ मध्ये बाजारात आला. त्याचं द्रव्यही ब्रिटनमधल्या एका कारखान्यात दुसरंच काही बनवताना योगायोगाने सापडलेलं. थॅलिक अनहायड्राइड, युरिया आणि तांब्याचा क्षार एकत्र तापवून तो करतात. आज जगात तो मोठ्या प्रमाणावर बनतो तो भारत आणि चीनमध्ये, आणि भारतात मुख्यतः आपल्या या पट्ट्यात. छपाईच्या शाईतला निळा, प्लास्टिकच्या बादलीतला निळा, भिंतीच्या डिस्टेंपरमधला निळा, सगळा हाच.

कारखान्यात मला सगळ्यात लक्षात राहिलं ते दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे तिथल्या कामगारांची नखं. आंघोळ करूनही कडेला निळी रेघ राहते. दुसरी म्हणजे रंग जुळवायची पद्धत. तिथे कोणी डोळे बारीक करून ‘अजून जरा मोरपंखी’ असं म्हणत नाही. यंत्र ठरलेल्या नमुन्याशी तुलना करून फरक आकड्यात सांगतं, आकडा मर्यादेत बसला की पोतं पुढे. मला इंजिनिअर म्हणून हे आवडलं. पण बाहेर आल्यावर हेही लिहायला हवं की २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक वसाहतींचा निर्देशांक काढला, त्यात अंकलेश्वर सगळ्यात वर होतं. माझ्या मुलीच्या रंगपेटीतून पारा, शिसं, आर्सेनिक गेलं, ते बरंच झालं. पण विष नाहीसं झालं असं नाही. रंगाचा धोका पूर्वी चितार्‍याच्या खलबत्त्यात होता, आता एका गावाच्या पाण्याच्या वाटेवर आहे. त्या गावचा माणूस आपल्या भिंतीवरच्या सुंदर निळ्याकडे कसा बघत असेल, हे मला अजून नीट विचारता आलेलं नाही.

काही रंगांना मात्र पर्यायाची गरजच पडली नाही. काव, गेरू, पिवळी माती, चुना, काजळी. विश्वामित्रीजवळच्या कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची मोठी भित्तिचित्रं आहेत, ‘गंगावतरण’ त्यातलंच. याच नंदलालांनी १९३८ च्या हरिपुरा काँग्रेससाठी, म्हणजे आपल्या गुजरातेतच, साध्या मातीच्या रंगांत चित्रफलक केले होते. कावेतला लाल म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड. खाणीतला असेल तर पीआर १०२, कारखान्यातला असेल तर पीआर १०१. द्रव्य एक, विष नाही, उडत नाही, चुन्यातही टिकतो. चुन्यावरून आठवलं. ओल्या चुन्याच्या भिंतीवर प्रशियन ब्लू चालत नाही, तो बिघडून तपकिरी होतो. लाजवर्दी चुन्यात टिकतो, पण आम्लाने मरतो. म्हणून जुन्या भिंतीवर ‘निळा तो निळा’ असं म्हणून काहीही फासलं की दोन-चार वर्षांत फळ दिसतं.

तीन ट्यूब घेऊन मी फाइन आर्ट्सला शिकलेल्या एका मैत्रिणीकडे गेलो. ती चित्रं जतन करण्याचं काम करते. ट्यूबकडे तिने बघितलंही नाही. ती काकांच्या घरी आली, चपला काढल्या, देवाला नमस्कार केला आणि तासभर भिंग लावून कवाडांसमोर बसली. तिला उजव्या मोराच्या गळ्यात दोन निळे दिसले. एक दाणेदार, दुसरा डोळ्याभोवती सपाट, नंतर कुणीतरी भरलेला. म्हणजे आमच्या आधीही एका पिढीने पर्याय शोधला होता! मी वहीत ‘लाजवर्दी’ लिहायला लागलो तर तिने हात धरला. “नाव लिहू नकोस. ‘दाणेदार निळा’ एवढंच लिही. तपासल्याशिवाय नाव दिलं की पुढचा माणूस ते खरं मानतो.”

तिने मऊ ब्रशने धूळ काढली, सुटलेले पोपडे जागच्या जागी चिकटवले, आणि उडालेल्या जागा तशाच ठेवल्या. भरायच्याच असल्या तर पाण्याने पुसून काढता येईल असा रंग, आणि तोही फक्त मोकळ्या जागेत, जुन्या रंगावर एक थेंब नाही, असं तिने सांगितलं. एनॅमलचं नाव काढल्यावर तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

पण मग देवकार्याचं काय? काका अडून बसले की देवासमोर पोपडे धरलेलं दार नको. तोडगा काकूंनी काढला. सागाची नवी कवाडं करून घ्यायची आणि नवे मोर काढायचे. जुनी कवाडं काचेच्या चौकटीत बाहेरच्या खोलीत. काकांना ‘नवं’ मिळालं, मला ‘जुनं’ मिळालं. बिजागरं तेवढी जुनीच लावली, ती भक्कम होती. मोर काढले नवऱ्या मुलीनेच, माझ्या चुलत बहिणीने, लग्नाच्या धावपळीत तीन रात्री जागून. ॲक्रिलिक रंगांत. नव्या लाकडावर नवा रंग, यात लपवण्यासारखं काही नाही. गळ्याला लाजवर्दी घेतला, त्यात थॅलोचा किंचित हिरवा. पहिल्या प्रयत्नात थॅलो जास्त पडून गळा बादलीसारखा दिसायला लागला, कारण त्या रंगाची ताकद भयंकर असते, टाचणीच्या डोक्याएवढाही पुरतो. पट्टीला काव.

कवाडांच्या पाठीमागे तिने मऊ पेन्सिलीने ओळीने लिहिलं : पीबी २९, पीजी ७, पीआर १०१, पीआर २५४, पीडब्ल्यू ६. खाली लाकूड कुठलं, वॉर्निश कुठलं, आणि महिना-साल. काकांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं. म्हणाले, “आकडे ठीक आहेत गं. पण नाव कुठंय? जुन्यावर पण कोणी घातलं नव्हतं.” मग तिने नाव घातलं. माहेरचं की सासरचं यावर थोडी चर्चा झाली, आणि शेवटी नुसतं पहिलं नाव आणि पुढे ‘बडोदे’ असं राहिलं.